धार बारीक व्हायच्या आत

गुरुवार

पावसाळ्यात चिखलदऱ्याला शनिवार-रविवारी जाऊ नये हे अमरावतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी अर्धी अमरावती शनिवार-रविवारीच तिथं असते. आम्ही गुरुवारी सकाळी निघालो. मी, बायको आणि पुण्याहून आलेला माझा साळा. ताम्हिणी, माळशेज, ठोसेघर हे सगळं त्याचं करून झालेलं. विदर्भात धबधबा असतो यावर त्याचा विश्वास नव्हता. "भाऊजी, ऊन पाहायला बोलावलं असतं तर समजलो असतो," हे त्यानं फोनवरच ऐकवलं होतं.

अमरावतीहून परतवाड्यापर्यंतची वाट पन्नास-एक किलोमीटरची आणि पार सपाट. ऑगस्टचा पहिला आठवडा, सोयाबीन फुलावर आलेलं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी गुडघ्याएवढी, मधूनमधून तुरीच्या ओळी. अचलपूर जवळ आलं की संत्र्याच्या बागा लागतात, आणि आभाळ मोकळं असेल तर उत्तरेला डोंगराची निळी भिंत दिसते. आम्हाला भिंत दिसली नाही, तिच्या जागी नुसता काळा ढग होता. बायको म्हणाली, "काम झालं आपलं."

ही भिंत म्हणजे गाविलगडचे डोंगर, सातपुड्याची दक्षिणेकडची कड. खाली पूर्णेचं खोरं, म्हणजे जुन्या वऱ्हाडातला पायनघाट, वर मेळघाट. परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा १,११८ मीटरवर. तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात साडेसातशे मीटर वर जायचं. पावसाळी ढग वऱ्हाडच्या सपाटीवरून येतात तेव्हा त्यांना अडवायला काहीच नसतं, ते पहिल्यांदा अडतात ते इथं. म्हणून अचलपुरात उघाड आणि वर झड, हा प्रकार नेहमीचा.

परतवाड्याच्या स्टँडवर आलुबोंडा खाऊन बस बदलली. धामणगाव गढी सोडलं की घाट सुरू होतो. पहिल्या वळणांवर सागाचं जंगल खाली पसरलेलं दिसत होतं, सागाला पांढरट मोहोर आला होता. मग एका वळणावर समोरचा काच पांढरा झाला. ड्रायव्हरनं दिवे लावले, वेग कमी केला आणि कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढून 'येऊ द्या, येऊ द्या' सुरू केलं. त्याला तरी काय दिसत होतं कोण जाणे. चिखलदऱ्यात उतरलो तेव्हा दहा हातांवरचं हॉटेल दिसत नव्हतं, फक्त भज्यांचा वास येत होता.

लॉजच्या मालकाला मी माझी यादी दाखवली. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, मोझरी, हरिकेन, गाविलगड, सगळं वेळेनिशी मांडलेलं. त्यानं ती वाचली आणि परत दिली.

"भाऊ, हे पॉइंट कुठी पळून नाई जात. धार पळते. पानी पडलं का मंग जा, पन लगेच जा. चार-पाच घंट्यात बारीक होते ते."

पुढचे दिवस आम्ही याच हिशोबानं काढले. चिखलदऱ्याचं पठार लहान आहे. वर पडलेलं पाणी साठवून ठेवायला मोठं खोरं नाही, मोठी नदी नाही. नाले छोटे, उतार मोठा, खाली काळा दगड. पाऊस पडला की पाणी थेट कडेला धावतं आणि कोसळतं, पाऊस थांबला की धारेचा जीव निघून जातो. सह्याद्रीत चार महिने न थांबता पाऊस असतो, तिथं धबधबा सकाळी पाहा की संध्याकाळी, फार फरक पडत नाही. इथं मात्र पडतो. सकाळी गेलेला माणूस 'बाप रे' म्हणत येतो आणि त्याच जागी दुपारी गेलेला विचारतो, 'कुठं आहे धबधबा?' दोघंही खरं बोलत असतात.

संध्याकाळी पाऊस नव्हता, नुसती धुई, म्हणजे धुकं होतं. तशा हवेत पाहायला चांगली जागा म्हणजे देवी पॉइंट, कारण तिथं दूरचं काही पाहायचंच नसतं. कड्याच्या पोटात खडकाखाली देवीचं ठाणं आहे आणि डोक्यावरच्या दगडातून पाणी झिरपत राहतं, अगदी उन्हाळ्यातही. वाकून आत गेलं की मानेवर थेंब पडतोच. चंद्रभागेचा उगम इथला मानतात. पंढरपूरची नव्हे, ही आमची वऱ्हाडातली चंद्रभागा. ती खाली उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला. पठाराच्या उत्तरेला पडलेलं पाणी सिपना नदीतून जातं आणि तीही तापीलाच मिळते. म्हणजे चिखलदऱ्याच्या बाजारात छत्री झटकली, तर थेंब डावीकडे पडो की उजवीकडे, जायचा सुरतेलाच. साळ्याला हे फार आवडलं. गुजरातेत कामानिमित्त जाऊन त्याचे बरेच पैसे बुडालेले आहेत.

शुक्रवार

रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. पहाटे मालकानं दार ठोकलं, "उठा, झड हाय. भीमकुंडावर जा."

भीमकुंडाच्या कठड्याशी पोचलो तेव्हा पुढे काहीच नव्हतं. कठडा, त्यापुढे दोन हात गवत आणि मग पांढरं. पण आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. एवढा मोठा आवाज आणि दिसत काही नाही, हे दहा मिनिटं गंमतीचं वाटतं, मग चीड येते. तिथं आलेली पुण्याची मंडळी सेल्फी काढून परत जायला निघाली. साळाही निघाला होता. चहावाल्या बाईंनी थांबवलं. "बसा जी, धुई उठते. वारा फिरू द्या."

बसलो. कणीस भाजून आलं, तिखट-मीठ-लिंबू लावलेलं. बाईंनी कीचकाची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण प्रत्येक सांगणारा तिच्यात आपली भर घालतो. विराटाच्या दरबारात पांडव अज्ञातवासात राहिले, कीचकानं द्रौपदीवर वाईट नजर टाकली, भीमानं त्याला मारून या दरीत फेकलं आणि मग या कुंडात हात धुतले. कीचकाची दरी म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. इथून जवळच वैराट आहे, या भागातलं सगळ्यात उंच ठिकाण, तीच विराटाची राजधानी असं लोक मानतात. बाईंची भर अशी, की भीमानं हात धुतले तेव्हा पाणी लाल झालं म्हणून पहिल्या पावसाचं पाणी अजून लाल येतं.

आणि धुई उठली तेव्हा पाणी खरंच लाल होतं. म्हणजे दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचं. वारा फिरला, आधी पलीकडच्या कड्याचा माथा दिसला, मग मधली काळी भिंत, आणि मग एकदम सगळं. धबधबा एका उडीत पडत नाही. वरच्या टप्प्यावरून कोसळतो, एका बाकावर आपटून पसरतो, तिथून पुन्हा, पुन्हा. हे बाक म्हणजे लाव्हाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचा हा दख्खनचा काळा दगड. काही थर कठीण, काही पोकळ, सच्छिद्र, भुसभुशीत. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं भाजलेल्या विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. पाणी मऊ थर आधी खातं, कठीण थर पुढे बाक होऊन राहतो, म्हणून जिना. देवी पॉइंटची कपारही याच न्यायानं झालेली. बाईंच्या लाल पाण्याचं उत्तरही त्या मातीत आहे, पण मी ते बोललो नाही. त्यांची गोष्ट चांगली होती.

आम्ही तिथंच राहिलो म्हणून एक फार छान गोष्ट पाहता आली. पाऊस थांबून तासभर झाला तसं पाणी निवळायला लागलं. लाल गेलं, मळकट आलं, मग पांढरं. सगळ्यांच्या मनात जो शुभ्र धबधबा असतो तो पावसाच्या ऐन भरात मिळतच नाही. तो पावसानंतर मिळतो, जोर ओसरायच्या जरा आधी. अकराच्या सुमाराला भीमकुंड तसं होतं. साळा कठड्याला टेकून उभा होता, फोन खिशात. काही बोलला नाही. त्याच्यापुरती ती कबुलीच समजायची.

कठड्यापलीकडे मात्र जायचं नाही. दोन पोरं गेली होती, एकानं दुसऱ्याचा हात धरून रील काढणं चाललेलं. शेवाळलेल्या काळ्या दगडावर बूट कोणत्याही कंपनीचा असो, टिकत नाही. चहावाल्या बाईंनी त्यांना ज्या शब्दांत परत बोलावलं ते शब्द मी इथं लिहू शकत नाही.

दुपारी चालत पंचबोलला. वाटेत कॉफीच्या बागा लागतात. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचं नाव घेतात. इंग्रजांनी ही झाडं आणली. झाडांवर हिरवी फळं गच्च लागलेली होती, वर मोठ्या झाडांची सावली. गावात मिळणारी कॉफी मात्र सगळीकडे तीच पाकिटातली, दुधात उकळलेली. हे दुःख आम्ही दरवेळी नव्यानं करतो.

पंचबोलला समोर डोंगरांच्या सोंडा एकामागे एक उभ्या आहेत, हाक मारली की पाच वेळा परत येते म्हणतात. साळ्यानं ताकदीनं "ओ भाऊऽऽ" केलं. धुई दाट असली की आवाज तिच्यात मुरतो; दोनदा नीट आला, तिसरा आला असं त्याचं म्हणणं. दरीत दोन बारीक धारा लोंबत होत्या. सकाळी त्या नक्की जाड असणार. एका दिवसात एकच जागा ऐन वेळेला गाठता येते हे तेव्हा कळलं, आणि मी यादी खिशातून काढून लॉजवर ठेवून दिली.

शनिवार

उजाडताच गाविलगड. गर्दी दहानंतर येते.

किल्ला गावापासून चालत जाण्याएवढा जवळ. बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं १४२५ मध्ये तो बांधला, पुढे इमादशाहीच्या फतेहउल्लानं डागडुजी केली. दरवाजावर सिंह आणि दोन तोंडांचं गंडभेरुंड कोरलेलं आहे. शेवाळानं ते हिरवं झालं होतं आणि गंडभेरुंडाच्या एका चोचीतून पाणी ठिबकत होतं. आत तलाव, मशीद, तोफा, आणि छातीएवढं गवत. त्या गवतात पायवाट हरवते, म्हणून काठी घेऊन जावं आणि ती आपटत चालावं. साप आपणहून बाजूला होतो.

इतिहासाची माणसं इथं १८०३ साठी येतात. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज या किल्ल्यात आली. दक्षिणेकडून कडा चढणं अशक्य, म्हणून इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली खाली थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनची पलटण धामणगावच्या बाजूनं डोंगरात शिरून लवाद्याकडून उत्तरेला आली. तोफा माणसांनी ओढल्या, रस्ता पुढे पुढे तयार करत. आपण बसच्या खिडकीत बसून 'केवढा घाट' म्हणतो, त्याच अंगाला. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले, आतला तट शाबूत होता. तो कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून चढला आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं.

मला मात्र त्या दिवशी तटाच्या खाली काय चाललंय यात जास्त रस होता. रात्री दोन तास चांगला पाऊस झाला होता. किल्ल्यात साचलेलं पाणी दक्षिणेच्या तटातल्या फटींमधून, ढासळलेल्या बुरुजांवरून, जिथं मिळेल तिथून बाहेर पडत होतं. नाव नसलेल्या धारा, कुठल्या पाटीवर नाहीत. एका जागी वारा खालून वर एवढ्या जोरात येत होता की धार पडायच्या ऐवजी उलटी वर उडत होती आणि आम्हालाच भिजवत होती. बायकोनं छत्री उघडली, ती लगेच उलटी झाली, मग तिनं छत्री मिटून ठेवली आणि भिजत उभी राहिली. खाली ढगाला भोक पडलं तेव्हा पायनघाट दिसला. ऊन पडलेलं, शेतांचे चौकोन, चमकणारं एक धरण. तिथल्या लोकांना वाटत असेल, वर डोंगरावर आज जरा ढगाळ आहे.

उतरताना गाड्यांची रांग लागलेली. सुट्टीच्या दिवशी पोलीस घाटात एकेरी वाहतूक करतात, धामणगाव गढीकडून वर आणि घटांगकडून खाली. तरी बाजारात हॉर्न, डीजे, थर्मोकोलच्या ताटल्या. दरीवरचा स्कायवॉक पूर्ण होईल तेव्हा काय होईल याची चर्चा प्रत्येक टपरीवर ऐकू येत होती, दुकानदार आशेनं करत होते आणि दूधवाले चिंतेनं. दुपार लॉजवर झोपून काढली. मोझरी पॉइंटला संध्याकाळी गेलो आणि माणसांच्या पाठी पाहून आलो.

रविवार

या सगळ्या प्रवासात मला पुन्हा एखादा दिवस दिला तर मी हा मागेन.

मालकाच्या ओळखीनं मोथ्याचे एक गवळी काकाजी तयार झाले होते. मोथा हे चिखलदऱ्याला लागून गवळ्यांचं गाव. दारोदार म्हशी, खव्याच्या कढया, हिवाळ्यात आता स्ट्रॉबेरीही. पोचलो तेव्हा काकाजींचं दूध काढून झालं होतं आणि कढईत रबडी आटत होती. साय कडेला ओढायची, खालचं दूध पुन्हा उकळू द्यायचं, पुन्हा साय ओढायची. साखर अगदी शेवटी. काकाजींची सून हे करत होती आणि तिचं लक्ष एक क्षण कढईवरून हटत नव्हतं, आमच्याशी बोलतानाही.

"काल रात्री पानी आलं, पन मोठं नाई," काकाजी म्हणाले. "मोठ्या धारेले मजा नाई आज. मी तुमाले नाल्यानं नेतो. कमी पान्यात तेच बरं."

म्हणजे इथंही तोच हिशोब, फक्त उलटा. भरपूर पाऊस असेल तर कठड्यावरून दुरून पाहायचं. थोडा असेल तर आत उतरायचं, कारण भरात असलेल्या नाल्यात उतरणं म्हणजे जीव देणं. वर पाऊस पडतोय हे खाली दरीत कळत नाही आणि लोंढा सांगून येत नाही. काकाजींनी निघायच्या आधी उत्तरेकडे पाहिलं, वारा पाहिला, म्हशी कुठं तोंड करून उभ्या आहेत तेही पाहिलं. साळ्याच्या फोनमधलं हवामान त्या वेळी 'मुसळधार' सांगत होतं. ऊन पडलं होतं.

वाट आधी कुटकीच्या वावरातून गेली. कुटकी म्हणजे बारीक भरड धान्य, दिसायला गवतासारखंच. एक कोरकू आजी निंदण करत होती. नवख्याला तण कोणतं आणि पीक कोणतं ते मुळीच ओळखता येत नाही, तिची बोटं न पाहता वेगळं करत होती. कोरकू ही इथली मूळची माणसं, त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. काकाजी आजीशी कोरकूत बोलले. आम्हाला फक्त हसणं कळलं. काकाजींनी नंतर सांगितलं, "म्हने, पानी पाहाले इतक्या दुरून आले? याहीच्या घरी पानी नाई काय?" उन्हाळ्यात या वस्त्यांवर टँकर येतो आणि बाया दरीत उतरून झऱ्यावरून हंडे आणतात. पावसाळ्यात कोसळणारं हे सारं पाणी मार्चपर्यंत इथं थांबत नाही. आजीचा प्रश्न चेष्टेचा होता, पण मला त्याचं उत्तर सुचलं नाही.

वावर संपल्यावर उतार आणि सागाचं रान. काकाजींनी एक कोवळं पान तोडून साळ्याच्या तळहातावर चोळलं, तळहात लालभडक झाला. "धुतल्यानं जात नाई आज." पलीकडच्या झाडांची मोठी पानं किड्यांनी खाऊन नुसत्या शिरा उरलेल्या, जाळीतून आभाळ दिसत होतं. हे दरवर्षीचं आहे, झाड त्यानं मरत नाही. वाटेच्या कडेला कळलावीची लाल-पिवळी फुलं वेलावर उलटी लटकलेली. असल्याच सागाच्या रानात रानपिंगळा राहतो. हा लहानसा घुबड १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये नंदुरबारच्या बाजूला शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मग कळलं की मेळघाटात तो चांगल्या संख्येनं आहे. इतकी वर्षं हा इथंच फांदीवर बसून होता, आणि दिवसाढवळ्या बसतो. मी काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "घुबड कोन पाह्यते जी सकाळी सकाळी?"

नाल्यात उतरलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत, काचेसारखं स्वच्छ. चालायची रीत काकाजींनी दाखवली: कोरडा दगड गुळगुळीत असला तरी चालेल, ओला काळा नको, पाण्यातून चालायचं तर पाय उचलायचा नाही, तळाला घासत पुढे न्यायचा. एका दगडाखाली खेकडा होता, नांग्या वर करून आमच्याकडे तोंड केलेला. पुढे नाला अरुंद झाला, दोन्ही बाजूंना भिंती चढत गेल्या, आणि वळण घेतल्यावर पाणी पुढे नव्हतंच. खाली गेलं होतं.

आम्ही धबधब्याच्या माथ्यावर होतो. काकाजींनी सगळ्यांना पोटावर झोपायला लावलं आणि कडेपर्यंत सरकू दिलं. तीन मजले खोल, एक गोल डोह, हिरवा. बाजूनं गुरांची वाट होती, तिनं वळसा घालून खाली आलो. ऊन सरळ डोहात पडत होतं. धारेच्या मागे कपार होती, कमरेतून वाकून जाता येण्याएवढी, आणि तिच्या तळाशी हातभर जाडीचा तो लाल पट्टा उघडा पडलेला. मी त्यात बोट रोवलं. ओल्या खडूसारखं बोट रुतलं आणि लाल माती नखात भरली. वरचा काळा थर मात्र काकाजींच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानंही टणटण वाजत होता. भीमकुंडाला कठड्यावरून जे नुसतं तर्कानं जुळवलं होतं ते इथं हाताला लागलं. धार आणखी काही हजार वर्षं हे लाल खात राहील, मग वरचा काळा बाक तुटून डोहात पडेल आणि धबधबा हातभर मागे सरकेल. डोहात तसले मोठाले चौकोनी दगड पडलेले होतेच, त्यावर बसून आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला.

साळा डोहात उतरला. काकाजींनी कमरेच्या पुढे जाऊ दिलं नाही. "भवरा हाय मधात," एवढंच. का, कसा, काही नाही. पोहता येणाऱ्या माणसाला असं सांगितलेलं आवडत नाही, पण त्यानं ऐकलं.

परत येताना दोनच्या सुमाराला त्याच नाल्यात पाणी घोट्याच्याही खाली होतं. रबडी तयार होती. आम्ही तिघांनी किती खाल्ली ते बायकोनं लिहायला मनाई केली आहे.

सोमवार

घटांगमार्गे खाली. रस्त्याच्या कडेनं दर दोन वळणांवर एखादी धार, एखादं माकडाचं टोळकं. परतवाड्यात पुन्हा उन्हाळा भेटल्यासारखं झालं, घाम सुटला.

अमरावतीची बस पकडायच्या आधी रिक्षा करून मुक्तागिरीला गेलो. बैतूल रोडवर खरपीवरून फाटा आहे. जागा मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात, पण जाणं-येणं सगळं परतवाड्याहून. डोंगराच्या घडीत ५२ जैन मंदिरं, पायऱ्यांनी जोडलेली, आणि मंदिरांच्या मधून, अगदी मधून, धबधबा. पांढरी शिखरं, काळा कडा आणि मध्ये पाणी. चपला खाली ठेवून ओल्या पायऱ्यांनी चढायचं. या डोंगराला मेंढागिरीही म्हणतात. ध्यानस्थ मुनींपुढे कड्यावरून एक मेंढा पडला, मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो देव झाला, अशी कथा. अष्टमी-चतुर्दशीला इथं केशराचा पाऊस पडतो असंही भाविक सांगतात. पुजाऱ्याला विचारलं, धार कधीपर्यंत राहते? "दिवाळीपर्यंत समजा. पण आजच्यासारखी? आज सकाळी सातला यायला हवं होतं."

साळा मोठ्यानं हसला. वर पहाटे पाऊस झाला असणार, आम्ही बाराला पोचलो होतो. तरी शिखरांवर तुषार येत होते आणि एक म्हातारे जोडपं पायऱ्यांवर बसून त्यात चेहरा धरत होतं.

बसमध्ये पुढच्या पावसाळ्याचं ठरलं. साळ्याला आता धारगड पाहायचं आहे. तिथं महादेवाच्या गुहेवरून पाणी कोसळतं, अकोटच्या बाजूनं जायचं, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी यात्रा भरते. त्या यात्रेला पाऊस पडून किती तास झालेत हे पाहायची सोय नसते, लोक रात्रभर भिजत चालत जातात आणि जी मिळेल ती धार डोक्यावर घेतात. साळ्याचं म्हणणं, तेच बरं. बायकोचं म्हणणं, मोथ्याला जाऊन मग तिकडे.